केतकीची उत्तरं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि बहिणीला मी काय सांगत नाही? सासूबाईंच्या कवळीपासून वरच्या मजल्यावरच्यांच्या भांडणापर्यंत तिला सगळं माहीत आहे. पण हे नाही. हे सांगायला गेले की मी भलतंच काहीतरी बोलायला लागते. आत्ताही तेच चाललंय बघा. सांगायला काय बसले, आणि सुरुवात सासूबाईंच्या कवळीने.

तर आधी मी कोण, ते. कर्वेनगरात मी गणिताच्या शिकवण्या घेते. आठवी ते दहावी. घरातच, हॉलमध्ये, सतरंज्या टाकून. माहेर नारायण पेठेतलं, त्यामुळे जीभ जरा — जरा काय, चांगलीच तिखट. 'एवढंही येत नसेल तर घरी जाऊन झोप, निदान विश्रांती तरी होईल,' असं मी पोरांना तोंडावर म्हणते. पोरं हसतात. आईबाप खूश होतात. बाईंकडे घातलं की पोरगं सुधारतं, असा लौकिक आहे माझा. चुकीचं काही दिसलं की मला राहवतच नाही. पेन्सिलीने लिहिलेलं असलं तर मी सरळ खोडते आणि बरोबर लिहून टाकते. एकदा तर भाच्याच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या पत्रिकेतली चूक दुरुस्त केली होती. सगळे हसले होते.

हे मी का सांगते आहे? तुम्ही म्हणावं म्हणून बहुतेक — 'अहो, सवयच ती तुमची, हात आपोआप गेला असेल.' नका म्हणू. हात आपोआप गेला नाही. मी तो नेला.

केतकी माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा नववीत होती. डावखुरी, अबोल, वळणावर गेली तीही बापाच्या. अभ्यासात बरी. हा 'बरी' शब्दही माझाच. गणिताच्या बाईंची मुलगी आणि गणितात बरी! मी चारचौघांत हसत हसत म्हणायचे, 'आमच्याकडे दिव्याखाली अंधार आहे हो.' तीसुद्धा हसायची. तिला गंमत वाटते, असं मला खरंच वाटायचं. खरंच वाटायचं का? आता सांगता येत नाही.

त्या वर्षी तिच्या शाळेत समुपदेशक म्हणून एक नवीन बाई आल्या. गावंडे मॅडम. यवतमाळकडच्या. मॅडम कसल्या, कोवळी पोरगीच ती. बोलण्यात सगळं 'येऊन राहिली' नि 'करून राहिली'. मी घरी त्यांची नक्कल करायचे. नवरा खो खो हसायचा. केतकी नाही हसली. म्हणाली, 'आई, त्या ऐकतात.' मी म्हटलं, 'ऐकायचाच पगार आहे त्यांना.'

या गावंडे मॅडमनी नववीच्या मुलींना एक प्रश्नावली दिली. आत्मसन्मान मोजायची. मला हसूच आलं. ताप मोजतात, उंची मोजतात, आता हेही मोजायचं? आमच्या वेळी तो मास्तरांच्या छडीने मोजायचे आणि सगळ्यांचा सारखाच भरायचा. असो. तर त्या कागदावर एकेक वाक्य होतं आणि पुढे चार चौकोन — अगदी बरोबर, बऱ्यापैकी बरोबर, फारसं नाही, मुळीच नाही. ज्यात बसेल त्यात खूण करायची. बरोबर-चूक काही नाही, असं वरच लिहिलं होतं. शनिवार-रविवारी घरी एकटीने बसून, शांतपणे, पेन्सिलीने भरायचं, म्हणजे विचार बदलला तर खोडता येईल. मग खाकी पाकिटात घालून सोमवारी द्यायचं. ज्यांच्याशी बोलावंसं वाटेल त्या मुलींना मॅडम आपल्या खोलीत बोलावणार होत्या. पालकांची सही वेगळ्या चिठ्ठीवर होती. मी ती न वाचताच केली.

रविवारी सकाळी नवरा केतकीला घेऊन मंडईत गेला. श्रावण होता, अळू आणायचं होतं. शनिवारचा डबा दप्तरातच राहिला असणार म्हणून मी तिचं दप्तर उघडलं. रोजच उघडायचे. डबा काढायचा, वह्या चाळायच्या, काय चुकलंय ते बघायचं. पुस्तकांच्या मधे ते खाकी पाकीट होतं.

ते चिकटवलेलं नव्हतं.

हे मला आधी सांगू द्या, कारण यावर मी आजही अडखळते. डिंकाची बाटली हॉलमधल्या खिडकीत कायम असते, आणि तिला ती माहीत होती. तरी पाकिटाची जीभ नुसती आत खोचलेली. विसरली असेल? की डिंक मागितला तर आई 'कशाला?' विचारेल म्हणून? की — तिने ते माझ्यासाठीच उघडं ठेवलं होतं? तोंडाने सांगता येईना म्हणून? हा तिसरा विचार मनात आला की मला बसल्या जागी घाम फुटतो.

मी कागद काढला. वाचला. आणि पहिल्यांदा काय केलं माहितीये? पान उलटून नाव बघितलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी कागद हिच्याकडे आलाय.

'माझं बोलणं लोकांना ऐकावंसं वाटतं' — मुळीच नाही. 'मी कितीही केलं तरी ते कमीच पडतं' — अगदी बरोबर. 'मी जशी आहे तशी घरच्यांना आवडते' — मुळीच नाही. 'मी घरात नसले तर घरातले जास्त आनंदात राहतील' — इथे तिने आधी 'फारसं नाही'वर खूण केली होती. मग ती खोडून 'बऱ्यापैकी बरोबर'वर केली होती. खोडल्याचा काळपट डाग तसाच होता. म्हणजे पोरीने विचार केला होता. बसून, नीट विचार करून ती या उत्तरावर आली होती.

 अहो, हीच मुलगी काल माझ्यासमोर बसून टीव्ही बघत होती! पोहे खाताना 'लिंबू दे' म्हणाली होती! कुठे होतं हे सगळं? माझ्या घरात, माझ्या नाकासमोर — मला एवढंसंही दिसलं नाही? मी लोकांच्या पोरांचे चेहरे बघून सांगते कुणी गृहपाठ केला नाही ते.

सगळ्यात खाली थोडी जागा होती. 'आणखी काही सांगायचं असेल तर इथे लिहा.' तिथे केतकीच्या बारीक अक्षरात एकच ओळ होती.

'मॅडम, मला बोलवाल का?'

आता तुम्हाला वाटेल, मी रडले. किंवा तशीच पायात चपला सरकवून मंडईच्या वाटेला लागले. बाकीच्या बाया तेच करतील. मी काय केलं ते आता सांगते. सांगायलाच हवं, त्यासाठीच बसले आहे.

मी बेरीज केली.

हो. कुठल्या चौकोनाला किती गुण असणार, कुठली वाक्यं सुलटी आहेत नि कुठली उलटी, हे माझ्या डोळ्यांना पटकन कळलं. शेवटी गणिताची बाई. मनातल्या मनात बेरीज झाली आणि मनात जो शब्द आला तो होता — नापास. माझी मुलगी नापास. वर लिहिलं होतं ना, बरोबर-चूक काही नाही म्हणून? मी ते वाचलं होतं. तरी मला त्या कागदावर चुकाच दिसल्या. आणि भीती वाटली. कशाची, सांगू? केतकीची नाही हो. गावंडे मॅडम वाचणार, शिक्षकांच्या खोलीत बोलणार. त्या शाळेतली निम्मी मुलं माझ्या सतरंजीवर बसतात. 'बाईंचीच मुलगी म्हणे, घरी सुख नाही तिला.' कालची आलेली ती पोरगी माझ्या घरात डोकावणार. झाकली मूठ सव्वा लाखाची — आमच्याकडे हे लहानपणापासून कानांवर पडलेलं. माझ्या पोरीने मूठ उघडली होती आणि मला राग आला. तिचा राग आला मला. हे मी आज पहिल्यांदा शब्दांत म्हणते आहे आणि माझं मलाच ऐकवत नाही.

मी शिकवणीच्या डब्यातून खोडरबर काढलं.

एकेक खूण पुसली. मग पेन्सिल डाव्या हातात धरली. केतकीच्या खुणेचं शेपूट डावीकडे झुकतं, तसंच यायला हवं होतं. आधी रद्दीच्या कागदावर दोन-चारदा करून बघितलं — इतकं डोकं थंड होतं माझं! मग सगळी उत्तरं माझ्या हिशेबाने सुधारली — सुलट्या वाक्यांना 'अगदी बरोबर', उलट्यांना 'मुळीच नाही'. एका ठिकाणी मुद्दाम 'बऱ्यापैकी' ठेवलं. सगळंच पैकीच्या पैकी दिसलं तर संशय येतो. कॉपी करणारी पोरं मी याच्यावरूनच पकडते.

शेवटी ती ओळ. ती तिने दाबून लिहिली होती. पुसली तरी कागदावर वळ राहिले. ते मी नखाच्या पाठीने घासघासून सपाट केले. तिच्या बोलावण्याचे वळ. फुंकर मारली, कागद पाकिटात घातला, जीभ होती तशी खोचली. डबा घासायला टाकला. ती दोघं अळू घेऊन आली. मी फतफतं केलं, केतकीने दोनदा वाढून घेतलं आणि मला वाटलं — बघा, काही झालेलं नाही पोरीला.

मी तिला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, कधीच नाही. विचारलं असतं तर मी वाचलं हे कळलं असतं.

सोमवारपासून ती वेणी घट्ट घालायला लागली. रिबिनी स्वतः इस्त्री करायची. शाळेत लवकर जायची. मला आधी कळेना हे काय नवीन. मग एक दिवस शिकवणीत तिच्या वर्गातली एक मुलगी तिच्या कानाशी लागून सांगत होती, मॅडमनी आज मला बोलावलं, किती छान बोलतात गं. केतकी हळूच म्हणाली, 'मला नाही बोलावलं अजून.'

अजून! ती रोज वाट बघत होती. रिबिनीला इस्त्री करून वाट बघत होती. आणि मी तिथेच उभी होते, हातात खडू घेऊन. मी म्हणाले, 'गप्पा नकोत. पुढचं गणित घ्या.'

मग पालकसभा झाली. शाळेचा हॉल, पंखे घरघरतायत, पुढच्या रांगेत मी. पाहुण्यांना फुलं द्यायला चार मुली उभ्या केल्या होत्या, त्यांत केतकी. गावंडे मॅडम उठल्या. नाव कुणाचंच घेणार नाही म्हणाल्या, पण एका मुलीचं चांगलंच आहे तर सांगते, म्हणाल्या. 'केतकीचं पाहून मी तर थक्क झाली. इतका आत्मसन्मान मी या वयात पाहिला नाही. आणि शेवटी लिहायला जागा दिली होती नं, तिथं पोरींनी काय काय लिहिलं. हिनं कोरी सोडली. काही तक्रारच नाही! मी म्हटलं, या पोरीला बोलवायची काही गरजच नाही. तिच्या आईनंच सांगावं, घरी काय करून राहिल्या त्या.'

टाळ्या झाल्या. मी केतकीकडे बघितलं.

ती माझ्याकडेच बघत होती. रागाने बघत असती तर मी सहन केलं असतं हो. राग नव्हता. नुसतं आश्चर्य. लहान मूल पायरी आहे समजून पाय टाकतं आणि पायरी नसते, तेव्हा त्याचं तोंड जसं होतं, तसं. तिला सगळं कळलं होतं. त्या क्षणी, त्या हॉलमध्ये, एवढ्या माणसांत. मग मुख्याध्यापिकांनी तिला खूण केली आणि ती पुढे आली. माझा सत्कार करायला. गुलाबाचं फूल तिने माझ्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला.

आणि मी — मी माइकपाशी गेले. जीभच उचलली गेली नाही, पाय लटपटले, असं काही झालं असतं तर बरं दिसलं असतं ना? नाही झालं. मी बोलले. चांगली फर्डी बोलले, मधे मधे विनोद केले. म्हणाले, 'मुलांचं ऐकून घ्या. मुलं बोलत असतात, आपल्याला कान हवेत.' हे वाक्य मी बोलले! पालकांनी माना डोलावल्या. एक बाई तर लिहून घेत होत्या. फुलं देणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि केतकीनेही वाजवल्या.

रिक्षातून घरी येताना ती म्हणाली, 'छान बोललीस, आई.'

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आल्या आल्या ती स्वतः डबा काढून ओट्यावर ठेवायला लागली, घासून. मला दप्तर उघडायचं काही कारणच उरलं नाही. कशी आहेस विचारलं की 'मस्त'. शाळा कशी झाली — मस्त. कॉलेज — मस्त. एका मुलाशी जमलं होतं, ते मोडलं, हेसुद्धा मला तिसऱ्याकडून कळलं. विचारलं तर हसून म्हणाली, 'अगं मस्त आहे मी.' लोक म्हणतात, तुमची मुलगी किती समंजस, कधी तोंड वर करून बोलत नाही. मी म्हणते, हो ना.

गावंडे मॅडम पुढे शाळा सोडून गेल्या. जाण्याआधी कितीतरी दिवस होते माझ्याकडे. शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. एकदा फाटकापर्यंत गेलेही. समोरून त्या आल्या, हसल्या, 'काय म्हणते आमची केतकी?' मी म्हटलं, 'मस्त.'

एवढंच असतं तर कदाचित मी अजूनही गप्प बसले असते. पण गेल्या महिन्यात एक झालं.

केतकी आता हिंजवडीत एका कंपनीत आहे. बरेचदा घरूनच काम असतं. त्या दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होते. ती समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, कंपनीने सगळ्यांना एक प्रश्नावली पाठवली आहे, मनाचं आरोग्य वगैरे, आज भरायची आहे. मी 'हं' म्हटलं. मान वर केली नाही. देठ खुडत राहिले. तिने लॅपटॉप फिरवला आणि हळूच माझ्याकडे सरकवला.

'तूच भर ना, आई. तुला माझी उत्तरं पाठ आहेत. मला कॉल आहे.' आणि फोन घेऊन ती पलीकडच्या खोलीत गेली.

आवाज अगदी साधा. मीठ दे म्हणावं तसा. टोमणा असता तर मी ओळखला असता, आम्ही टोमण्यांवर वाढलेली माणसं. तो टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं, हे काम माझं आहे.

माझे हात मेथीच्या मातीने बरबटलेले. ते मी पदराला पुसले. पडद्यावर तशीच वाक्यं होती, तसेच चौकोन. 'अडचणीत असताना मी कुणाशी तरी बोलू शकते.' मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. आणि मला हादराच बसला, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. पुढच्याचंही नाही. त्याच्या पुढच्याचंही नाही. माझी मुलगी पलीकडच्या खोलीत होती, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि मला तिचं एकही उत्तर माहीत नव्हतं. उठून विचारायला चार पावलं पुरली असती.

मी भरलं.

सगळी चांगली उत्तरं. आणि एका ठिकाणी 'बऱ्यापैकी'. बोटं आपणहून तिथे गेली.

सगळ्यात खाली जागा होती. आणखी काही सांगायचं आहे का? मी थांबले. ती जुनी ओळ मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. तेवढंच एक तिचं खरं उत्तर मला येतं. मी बोट अक्षरांवर ठेवलं. तेवढ्यात आतून केतकीचा आवाज आला, कॉल मधेच थांबवून —

'आई, शेवटची जागा कोरी सोड हं.'

मी कोरी सोडली. बटण दाबलं आणि उरलेली मेथी निवडली.